दुसऱ्या शॉटमधली सावली

प्रिय रेश्मा,

पाकिटावर माझं नाव मुद्दाम मोठ्या अक्षरात घातलंय. बिननावाचं पाकीट तुझ्या सुलाआत्यांनी आधी फोडलं असतं. नाव बघून निदान तुझ्या हातात आदळतील आणि मग ओरडतील. दचकू नकोस. चल म्हणायला लिहीत नाही, रडायला तर नाहीच. पिक्चरबद्दल लिहितोय. तू तो बघितला नाहीस, आणि तो आता परत कुठं लागेल असं वाटत नाही. तेव्हा त्यात आपण कसे दिसतो ते कुणीतरी तुला सांगायला पाहिजे.

थोडक्यात सांगायचं तर, पाठमोरे.

‘हद्द समाप्त’ सांगलीत एक आठवडा चालला, रोज दुपारी बाराला. पोस्टरं अजीमभाईनं आणि मी स्वतः चिकटवली. पोस्टरावर खाली स्टुडिओचा मोबाईल नंबर छापला होता. त्यामुळं पिक्चरला माणसं आली नाहीत, पण लग्नाच्या दोन ऑर्डरी आल्या. अजीमभाई म्हणाला, “बघ गड्या, पळून जाणाऱ्यांचा पिक्चर काढला आणि लोक मांडव घालायला बोलवायलेत.” सारी उमर दुसऱ्यांच्या लग्नाचं शूटिंग करण्यात गेलेल्या माणसानं असला पिक्चर का काढावा, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पेपरात एक ओळ आली नाही. पुण्याच्या कुणा एकानं तेवढं मोबाईलवर लिहिलं, की काळ्यापांढऱ्याचा निर्णय धाडसी आहे आणि सावल्यांचा वापर विलक्षण आहे. अजीमभाई ते वाचून पोट धरून हसला. काळापांढरा केला, कारण लग्नाच्या दोन कॅमेऱ्यांचे रंग एकमेकांशी जुळेनात. आणि सावल्या पडल्या, कारण दोनातला एक लाईट पहिल्याच दिवशी उडाला.

गोष्ट तुला तुकड्या-तुकड्यानं माहीत आहे, सलग सांगायची तर अशी. ट्रकमालकाची बायको आणि त्याचा ड्रायव्हर. मालक जिन्यावरून पडून मरतो. ढकलला कुणी नाही, पण मानणार कुणी नाही, हे दोघांना कळतं आणि ते पळतात. ऊसतोडीच्या खोपटात राहतात, टँकरच्या आडोशाला झोपतात, एकमेकांवर संशय घेतात. शेवटी कर्नाटकच्या हद्दीवर पोलीस दोघांना गोळ्या घालतात, असं लिहिलेलं होतं. पण हिरोईन सिरियल मिळाली म्हणून मुंबईला निघून गेली आणि मरायचं राहून गेलं. हिरोला मोटरसायकल येत नव्हती. मग अजीमभाईनं शेवटच बदलला. दोघं गाडीवरून लांब-लांब जातात, चढ ओलांडतात, दिसेनासे होतात, संपलं. पाठमोऱ्या माणसांना चेहरा लागत नाही. हिरोच्या जाकिटात मी आणि हिरोईनच्या साडीत तू.

तुझ्या आबांनी तुला परवानगी दिली तेव्हाचं तुला आठवत असेल. शूटिंग तुमच्याच रानाकडेच्या रस्त्यावर, युनिटचं जेवण तुमच्याच घरचं. अजीमभाई भीत-भीत विचारायला गेला. आबा जनावरांना पाणी पाजत होते. “पाठच दिसणार हाय नव्हं? मग हरकत न्हाई,” म्हणाले आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, “आणि हा गाडी चालवणार? मग ह्याची बी पाठच दिसू दे. तोंड बघायला नको.” सगळे हसले. मी हसलो नाही. त्याच्या आदल्या महिन्यातच मी त्यांच्या ओसरीवर बसून तुला मागितली होती. फौजेतून आलेला माणूस, आवाज न चढवता म्हणाला होता, “कालेज अर्ध्यात सोडलंस. भांडाण तेवढं अर्ध्यात सोडत न्हाईस. कामाला लाग, मग ये.” त्यावर मी काय बोललो ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. कॉलेज मी तुझ्यापायी सोडलं नाही असं सगळ्यांना सांगतो. पलूसला घरी अजून कुणाला ते पटलेलं नाही.

तर तो शॉट. पहिल्यांदा घेतला तेव्हा ऊन चांगलं होतं. आपण गेलो, चढ ओलांडला, ‘सांगली जिल्हा हद्द समाप्त’ ह्या पाटीपाशी गाडी वळवली आणि परत आलो. अजीमभाई खूश झाला. म्हणाला, हाताशी असावा म्हणून अजून एक घेऊन ठेवू. त्या दुसऱ्या शॉटला आपलं काय ठरलं होतं, ते इथं लिहीत नाही. सुलाआत्या वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगतो, की पाटीपाशी गाडी वळवायची नव्हती. विजापूरला माझा मित्र वाट बघत होता. पिक्चरमधल्या बाईजवळ एक कापडी पिशवी असते. तीत अजीमभाई चिंध्या भरायचा. दुसऱ्या शॉटला तीत तुझे कपडे होते आणि सर्टिफिकिटं होती.

मी पुढं बघत होतो. गाडी चालवणाऱ्याला पुढंच बघावं लागतं. पाटी गेली, मैलभर रस्ता गेला, मला वाटलं झालं. आणि तू पाठीवर थाप मारलीस. पहिल्यांदा मला वाटलं, चुकून लागली. मग दुसऱ्यांदा. मी गाडी थांबवली, तू उतरलीस. मी काय बोललो, तेही इथं लिहीत नाही. हिरोईनचे सँडल काढून हातात घेतलेस आणि अनवाणी परत चालायला लागलीस. मी मागनं मोकळी गाडी आणली. आपण चढावर दिसलो तर अजीमभाई टाळ्या वाजवत होता. “लय भारी गेला शॉट! पण एवढ्या लांब कशाला गेलासा रं?”

त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली नाहीस. तू आबांशीही बोलत नाहीस हे मला मागाहून कळलं. मेढ्याला आत्याकडं राहून एसटीनं साताऱ्याला कॉलेजला जातेस, नंबर बदललास, सणाला घरी आली नाहीस. एवढं कळत होतं. त्यातून मी माझा अर्थ काढला. ऐनवेळी कच खाल्लीस. माझ्यावर भरवसा नव्हता. बापानं मला नाकारलं ते तुलाही आतून पटलेलं होतं. मी हे चिडून लिहीत नाहीये, नुसतं त्यावेळी काय वाटायचं ते सांगतोय. सध्या अजीमभाईच्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ कापतो आणि जोडतो. दिवसभर नवरा-नवरी बघतो. वरमाला घालताना नवऱ्याला कुणीतरी उचलून धरतं आणि सगळे हसतात. प्रत्येक लग्नात तेच. त्याचा आता काही त्रास होत नाही.

गुरुवारी, म्हणजे शेवटच्या दिवशी, मी थेटरात दाराशी उभा होतो. आत मोजकीच माणसं. पडद्यावर आपण लांब-लांब जात होतो आणि दिसेनासे झालो. लाईट लागले. मधल्या रांगेत पांढरी टोपी. आबा! एकटे आले होते, जतवरनं एसटीनं. मांडीवर जेवणाचा डबा, तसाच. मला बघून उठले नाहीत. म्हणाले, “परत आलेलं दावलंच न्हाई की.” मी म्हटलं, पिक्चरमध्ये ते परत येत नाहीत. “ते कळलं. पर ती दुसऱ्या बारीला वळली हुती. मागं बघितलं हुतं तिनं. ते का न्हाई ठेवलं?”

मी उद्धटपणानं म्हणालो, की कुणी वळलंबिळलं नव्हतं, आणि तुम्हाला पिक्चरमधलं काय कळतं. आबा नुसतं “बरं” म्हणाले, डबा उचलला आणि गेले. पण डोक्यातनं जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत मी जुनं सगळं शूटिंग उघडलं आणि तो दुसरा शॉट काढला. अजीमभाईनं तो कधी जोडलाच नव्हता. मी एकदाही बघितलेला नव्हता.

रेश्मा, तू वळली होतीस. चढाच्या अर्ध्यावर, पाटीच्या बऱ्याच आधी. पदर वाऱ्यानं बाजूला जातो, तू मागं बघतेस. तोंडावर सगळं मावळतीचं ऊन, डोळे बारीक झालेले. भ्यालेली दिसत नाहीस. अख्ख्या पिक्चरमध्ये असा एक चेहरा नाही. अजीमभाईला बोलावून दाखवलं, तर तो म्हणाला, “चेहरा दिसला म्हणून टाकला होता गड्या. आणि खाली बघ, सावली पण आली की आत.” खाली खरंच सावली होती. सूर्य कॅमेऱ्याच्या मागं, म्हणून मागं उभ्या असलेल्या कुणाचीतरी लांबच लांब सावली रस्त्यावर पडलेली. डोक्याला टोपी. एक हात वर. आणि त्या हातात काहीतरी लोंबणारं. मी चित्र थांबवून मोठं केलं. चपला होत्या. तुझ्या.

मग मला सगळं कळलं, असं मला वाटलं. सँडल घालायचे म्हणून तू चपला आबांजवळ काढून ठेवल्या होत्यास. आणि ऐन जाताना म्हातारा चपला उंच धरून उभा! हाक नाही मारली, शिवी नाही दिली, नुसत्या पोरीच्या चपला दाखवल्या, की बाई ये माघारी. याहून मोठी आडकाठी नाही. तू मैलभर ते डोळ्यांपुढं घेऊन बसली असशील आणि मग थाप मारली असशील. माझं डोकंच फिरलं. गाडी काढली आणि सरळ जतचा रस्ता धरला. काय-काय बोलायचं ते वाटेभर पाठ करत गेलो.

आबा ओसरीवर होते. मी गाडी स्टँडलाही लावली नाही. जेवढं पाठ केलं होतं तेवढं सगळं बोललो. गल्ली पुन्हा गोळा झाली. आबांनी ऐकून घेतलं, आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. “पी. आणि बस. तुझं झालं असंल तर मी बोलतो.” म्हणाले, “शॉटच्या आधी गाडीवर बसल्यावर तिच्या हातात पिशवी कुणी दिली, आठवतंय का तुला?” मला आठवेना. “मी दिली. पयल्या बारीला बी मीच दिल्याली. तवा चिंध्या हुत्या. दुसऱ्या बारीला उचलली, तर जड लागली. फौजेत सतरा वर्षं सामान उचललंय, माणूस सुट्टीवर निघालाय का कायमचा, ते पिशवीवरनं कळतं. कळलं, आणि तरी दिली. आडवायचं असतं तर दिली असती का रं?” मी म्हटलं, मग चपला? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की कॉलेज सोडल्याचं पहिल्यांदा मला खरंच वाईट वाटलं. “तिच्या पायात दुसरीचं सँडल. दोन बोटं मोठं. तशी कुठवर गेली असती? द्यायला पळालो, तवर तुमच्या अजीमनं आरोळी ठोकली आणि तू गाडी सोडलीस. मी म्हटलं, न्हे, ह्या घेऊन जा. तिला दिसावं म्हणून हात वर केला.” तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “‘न्हाई’ मी तुला म्हणलो हुतो. तिला कवा म्हणलो? तिनं विचारलंच न्हाई. बाप माघारी बोलावतोय, असंच धरून बसली.”

हे पत्र मी आपणहून लिहिलेलं नाही. आबांनी लिहायला लावलं. तू त्यांचा फोन घेत नाहीस, आणि समोर आले तर उठून आत जातेस, म्हणून. “फोन करू नको, तू फोनवर भांडतोस. लिही. लिवताना मधी कुणी बोलत न्हाई.” येत्या रविवारी मेढ्याला तुला बघायला पाहुणे यायचेत हेही त्यांनीच सांगितलं, आणि त्यांनी अजून कुणाला शब्द दिलेला नाही, हेही. तू हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर नाही. त्यात मी काही म्हणणार नाही, मला फक्त काम मिळालंय, अक्कल अजून यायची आहे. निघताना त्यांनी कोनाड्यातनं तुझ्या चपला काढून माझ्या हातात दिल्या. डाव्या चपलेचा अंगठा शिवून घेतलाय, तेल लावून ठेवलंय. मी म्हटलं, तुम्हीच द्या की तिला. तर म्हणाले, “माझ्या हातात बघितल्या की ती परत येती. तुझ्यापाशी असू द्यात.” तेव्हा चपला माझ्याकडं आहेत, स्टुडिओत, कॅमेऱ्याच्या कपाटात, अजीमभाई रोज विचारतो, हे कुठल्या पिक्चरचं सामान. मेढ्याला पार्सल करू, का न्यायला येतेस, तेवढं कळव.

तुझाच, अजून पाठमोरा,
शिवतेज