हात मोडलाय, पाय न्हाई

आई,

तुझ्या उजव्या हाताचं मधलं बोट कशानं वाकडं झालं, हे आपल्या दोघींनाच माहीत होतं. तू गेल्यापासून ते मला एकटीलाच माहीत आहे. आज शाळेत एक प्रसंग घडला आणि घरी आल्यापासून दुसरं काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत आपण राहत होतो, तेव्हाची गोष्ट. आबा घाट चढवणाऱ्या इंजिनांवर फायरमन होते. मी अकराएक वर्षांची असेन. शाळेत नव्यानं आलेल्या बाईंनी मुलींना लाठी शिकवायला घेतली होती आणि चाळीत त्यावरून कुजबुज चालायची. आबांनी परवानगी दिली ती कुरकुरतच. "हातपाय मोडून घेतलास तर त्याच दिवशी बंद," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आणि मी मोडून घेतला. मैदानाच्या कडेच्या शेवाळलेल्या दगडावरून उडी मारताना पडले आणि डावा हात मनगटाच्या वर मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला, गळ्यात झोळी अडकवली. बाईंनी सांगितलं, हात पुरता बरा होईपर्यंत मैदानावर यायचं नाही. आबांनी सांगितलं, बरा झाल्यावरही नाही. मी जेवण सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गणपतीत मुलींची लाठी होणार होती, पहिल्या रांगेत मी होते, आणि ती जागा आता कुणाला तरी मिळणार होती.

तू दोन दिवस वाट पाहिलीस. मग आबा ड्यूटीवर गेल्यावर मला उठवलंस, माझी वेणी घातलीस आणि मला घेऊन थेट बाईंच्या बिऱ्हाडी गेलीस. तुला त्यांच्या खोलीत बसायचा संकोच वाटत होता. तू उंबऱ्यातच उभी राहिलीस, डोक्यावरचा पदर पुढे ओढलास आणि म्हणालीस, "बाई, हात मोडलाय हिचा, पाय न्हाई मोडलं. पायाचं काय शिकिवण्याजोगं असंल तर त्ये मला सांगा. मी करून घेईन."

मला तेव्हा लाज वाटली होती, आई. तुझ्या 'शिकिवण्याजोगं'ची, तुझ्या धुवट लुगड्याची. बाईंच्या शेजारी त्यांची एक पुण्याची मैत्रीण बसली होती, ती हसेल म्हणून मी खाली बघत राहिले. पण कुणी हसलं नाही. बाई उठून बाहेर आल्या आणि अंगणात त्यांनी तुला सगळं नीट समजावलं. पवित्रे करायला हरकत नाही, पण सावकाश. उडी नाही, गिरकी नाही. ओली जमीन नको. काठी उजव्या हातात नुसती धरायची, वार करायचा नाही. समोर कुणीतरी काठी धरून उभं राहिलं की अंतराचा अंदाज सुटत नाही. डाव्या हाताची बोटं मात्र रोज हलवायची. आणि दुखलं की तिथंच थांबायचं. तू प्रत्येक गोष्ट पुन्हा म्हणून दाखवलीस. परत येताना वाटेत मला म्हणालीस, "दुखलं तर लपवायचं न्हाई. लपिवलंस तर मी काठी चुलीत घालीन."

आबांना तू कसं समजावलंस ते मला नीट माहीत नाही. एवढंच ऐकलं होतं, "हात सरळ झाला तर जाऊ द्या तिला. न्हाई झाला तर मीच न्हाई धाडणार." ते हो म्हणाले नाहीत, पण पुन्हा 'बंद' असंही म्हणाले नाहीत.

मग रोज दुपारी, भांडी आवरली की, आपल्या खोलीमागच्या मोकळ्या जागेत तू आधी जमीन झाडायचीस, खडे वेचायचीस, आणि उंच दांडीवर धुणं टाकायची काठी घेऊन माझ्यासमोर उभी राहायचीस. कासोटा घट्ट केलेला, पदर खोचलेला. मी डावा पाय पुढे घेतला की तू उजवा मागे घ्यायचा, आणि तू दर वेळी चुकायचीस. "थांब, थांब, माझा कंचा पाय?" असं म्हणून स्वतःशीच हसायचीस. शेजारणी दारात येऊन बघायच्या. एकजण म्हणाली, "काय वो, लढाईला निघालात का?" तू म्हणालीस, "व्हय, पोरगी नेतीया." मी मात्र तोंड पाडून उभी. मला खऱ्या मैदानावर जायचं होतं, खऱ्या मुलींशी खेळायचं होतं, आणि माझ्यासमोर होती ती काठी उलटी धरणारी माझी आई. मी पाय आपटायचे, सुस्कारे टाकायचे. तू तिकडे लक्षच द्यायची नाहीस. "दुखतंय का?" एवढंच विचारायचीस.

मग एक दिवस शाळेत कळलं की माझी जागा दुसऱ्या मुलीला दिली. बाईंनी चांगल्या शब्दांत सांगितलं होतं, की हात वेळेत बरा झाला तर मागच्या रांगेत घेऊ. मी घरी आले ती धुमसत. त्या दुपारी शेजारणींपैकी कुणी दारात नव्हतं. तू काठी घेऊन उभी राहिलीस आणि नेहमीसारखा चुकीचा पाय टाकलास. मी ओरडले, "तुला येत नाही तर कशाला करतेस!" आणि उजव्या हातानं, होतं नव्हतं ते बळ लावून, वार केला.

काठीवर काठी बसल्याचा आवाज आला नाही. मऊ, ओला असा काहीतरी आवाज आला. तुझ्या हातून काठी पडली. तू खाली बसलीस, उजवा हात पोटाशी धरलास, आणि डोळे मिटून थोडा वेळ नुसती डुलत राहिलीस. मग डोळे उघडून पहिली गोष्ट विचारलीस ती ही, "तुझ्या हाताला हिसका न्हाई ना बसला?"

मी नाही म्हणाले. बस, तेवढंच म्हणाले.

संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. बोट वांग्यासारखं सुजलं होतं, निळं पडलं होतं. तू ते बाकीच्या बोटांपासून वेगळं उचलून धरत होतीस, आणि तरी थापताना ते पिठात टेकलं की तुझा श्वास अडकायचा. आबांनी विचारलं, "काय झालं गं हाताला?" तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. "जात्यात सापडलं," म्हणालीस. हाडवैद्याचं घर दोन गल्ल्यांवर होतं, पण तू गेली नाहीस. गेली असतीस तर त्यानं ओळखलं असतं, आबांना कळलं असतं, आणि माझी लाठी कायमची सुटली असती. एका चिंधीनं बोट बांधून तू दुसऱ्या दिवशी पाणी भरलंस, धुणं धुतलंस, आणि दुपारी पुन्हा काठी घेऊन उभी राहिलीस. डाव्या हातात. मी दळते, असं मी एकदाही म्हटलं नाही. मोडलेल्या हाताची होते मी, मला कुणी कामाला लावत नव्हतं. तुझ्या मोडलेल्या हाताला मात्र कुणी सुट्टी दिली नाही.

माझा हात सरळ जुळला. गणपतीत मी मागच्या रांगेत खेळले. आबाही बघायला आले आणि घरी येताना म्हणाले, "बरी खेळली." तुझं बोट तसंच राहिलं. सुईत दोरा ओवायला तू शेजारच्या मुलींना बोलावू लागलीस.

पुढे मी पुण्याला जाऊन शिकले, व्यायामशिक्षिका झाले. मुरगळ, निखळलेला सांधा, मोडलेलं हाड, काय झालं की काय करायचं आणि काय करायचं नाही, ते सगळं शिकले. सुट्टीत घरी आले की तू चहाचा पेला पुढे करायचीस, बोट आडवं धरलेलं. मी पेला घ्यायचे. तो हात हातात घेऊन एकदा बघावा, शेकावा, निदान विचारावं, हे माझ्याच्यानं कधी झालं नाही. बोट बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं. तू गेलीस तेव्हा आंघोळ घालायला बायका जमल्या होत्या, तेव्हाही तो हात मी लुगड्याखाली सारला.

आता मी इथं लोणावळ्यातच, मुलींच्या शाळेत आहे. लोक म्हणतात, या बाई दुखापत झालेली मुलगी वाया जाऊ देत नाहीत. पाय मुरगळला तर बसून हाताचे प्रकार, हात दुखावला तर पायाचे. हे मी पुण्यात शिकले, असं सगळ्यांना वाटतं, आणि मी त्यांना तसं वाटू देते.

आज तुंगार्लीच्या वरच्या वाडीतली एक ठाकराची बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीचा खांदा निखळला होता, आता बसवला आहे, झोळी आहे. मुलगी गुणाची, माझ्याकडेच लाठी शिकणारी. मी पवित्रे दाखवले, काय करायचं नाही ते सांगितलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समूर कुनी लागंल ना? मी उबी ऱ्हाईन काठी घिऊन. दावा मला."

मी नाही म्हणाले. तटकन म्हणाले, "तुम्हाला जमायचं नाही ते. मी शाळेत करून घेईन." तिचा चेहरा उतरला. वाडीवरची बाई म्हणून मी तिला कमी लेखते, असं तिला वाटलं असणार. "बरं, बाई," म्हणाली, आणि मुलीचा चांगला हात धरून चालायला लागली. फाटकापर्यंत मी त्यांना बघत राहिले, पण हाक मारली नाही.

मला तिच्या बोटांची काळजी होती, असं मी दिवसभर स्वतःला सांगते आहे. ते खरंही आहे. पण बोटांना चिंध्या गुंडाळून, मुलीला नुसती काठी टेकवायला लावून, मी तिला सहज शिकवू शकले असते. उद्या वाडीवर जाऊन तिला तसं सांगावं, असं म्हणते. जाईन की नाही, कोण जाणे. हा कागद तर कुठंच जायचा नाही, म्हणून उरलेलं लिहून टाकते. ती पोरगी आईचा शब्द ऐकून केवढी खुलली होती, ते मी पाहिलं होतं. त्या दोघी काठ्या घेऊन समोरासमोर उभ्या राहिल्या असत्या, आई चुकली असती आणि पोरगी खळखळून हसली असती. ते मला बघवलं नसतं, आई.