मोंपोसचा आदियोस

मोंपोस, ३ फेब्रुवारी १९८८

चि. यादिरास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती जोरात चालू आहे. खायचं, लोळायचं, आणि उन्हं कलली की उबाल्दिना मावशीबरोबर दाराबाहेर झुलत्या खुर्च्या मांडून नदीचा वारा खायचा. पापुद्र्यांचं चीज इतकं हाणलंय की झगा कमरेत बसेना.

आमच्या गल्लीतला एवेलियो तुला ठाऊक नसेल. चांदीच्या तारेचे दागिने घडवतो. माझ्यासारखाच एकटा, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. रोज संध्याकाळी दारावरून जाताना टोपी काढून आदियोस म्हणतो, मीही आदियोस म्हणते. मावशी उगाच खोकते. बेरकी आहे मेली!

आणखी थोडे दिवस राहू का? लोकरीचं घालून बाहेर पड. आईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई

बोगोता, १२ फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

अगं, तो गृहस्थ आदियोस म्हणून रोज कायमचा निरोप घेतो आणि तू रोज देतेस? जायचंय तर जा म्हणावं एकदाचा! की तुलाच गावातून घालवतोय?

थट्टा राहू दे. घर खायला उठतं गं. बाबा गेल्यावर आपण दोघीच उरलो. तू तिथलीच होऊन बसशील अशी भीती वाटते. खरं सांग, परत येणार ना? लेकीला विसरू नकोस.

तुझी यादिरा

मोंपोस, २१ फेब्रुवारी

चि. यादिरास आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. मावशी खुर्चीसकट कलंडली. मी तर इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. वेडे, तुमच्या बोगोतात आदियोस म्हणजे निरोप. इथे दारात बसलेल्यांना न थांबता पुढे जाणारा माणूस आदियोस म्हणतो. पाहिलं तुम्हाला, बरं आहे ना, एवढाच अर्थ. ज्याला थांबायचं असतं तो म्हणत नाही.

काल एवेलियोनं टोपी काढली आणि आदियोस म्हटलंच नाही. नुसता उभा! समोरच्यांच्या खुर्च्या झुलायच्या थांबल्या. मावशीनं मुकाट्यानं आतून तिसरी खुर्ची आणली. गल्लीला कळायचं ते कळलं. बसल्यावर म्हणाला, तू जाणार असशील तर उद्यापासून पुन्हा आदियोस म्हणत जाईन, राहणार असशील तर लग्न करू.

मला राहावंसं वाटतं, यादिरा. पण तू एकटी पडणार असशील तर सामान बांधते. तुझं उत्तर येईपर्यंत हो म्हणणार नाही, असं त्याला बजावलंय. रागावलीस तरी लिही.

तुझी आई

बोगोता, १ मार्च

ती. आईस सा. न.

आधी रडले, मग रागावले, मग त्या नादात इस्त्रीखाली चांगला ब्लाउज जाळला. घर अजूनही खायला उठतं, खोटं कशाला सांगू? पण बाबा गेल्यापासून तू अशी हसलेली मला आठवत नाही.

सामान बांधू नकोस. ईस्टरला येते. तोवर लग्न उरकून टाकू नका. चर्चमध्ये तुझा हात धरून मीच नेणार, आणि त्यांच्या हाती देताना जरा वेळ सोडणार नाही, हे त्यांना आत्ताच सांगून ठेव.

तुझीच,
यादिरा