बिनसिमेंटचा गडगा

॥ श्री ॥
चिंचुर्ले,
१४ जुलै २०२४

ती. लवूकाकांस,
अनुजाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हो हो म्हणता आणि ऐकू काहीच येत नाही, ही चुगली काकीने केली आहे. गिरणीतल्या मागांनी तुमचे कान नेले, म्हणून गावची सरपंच असलेली तुमची पुतणी पोस्टाच्या रांगेत उभी राहते.

बातमी वाईट आहे. परवाच्या पावसात खालच्या मळ्याचा गडगा ढासळला. तुम्ही आणि बाबांनी लहानपणी दगडावर दगड ठेवून रचलेला, तोच. वरच्या शेतातली माती धुपून भातात उतरते आहे.

पण पत्र लिहायचं कारण निराळंच. पडलेले दगड काढताना एका जांभ्याखाली, ओल्या मातीत, वीत-दीड वीत लांबीचा एक जीव दिसला. जांभळट काळा, अंगावर बारीक वळ्या. साप समजून मी कुदळ उचलली होती. तेवढ्यात दिसलं की तो जीव अंड्यांच्या घोसाला विळखा घालून बसला आहे. अंडी काचेसारखी, आणि प्रत्येकात काहीतरी हलत होतं! काका, मी कुदळ टाकून तिथेच चिखलात बसले. रडू का आलं ते कळलं नाही. तालुक्याच्या कॉलेजातल्या इरावती मॅडम म्हणाल्या, हे देवगांडूळ. बेडकांच्या जातीतलं, साप नव्हे, विषारी तर नव्हेच. अंडी फुटेपर्यंत आई जागची हलत नाही. मी दगड अलगद परत ठेवला.

गडगा पुन्हा रचायचा तर रोजगार हमीतून दगडी बांध म्हणून काम घेता येतं, गावातल्या बायकांना मजुरीही मिळते. सातबाऱ्यावर तुमचंही नाव आहे, म्हणून संमतीचा कागद जोडला आहे. सही करून पाठवा. काकीला नमस्कार.

तुमची लाडकी,
अनुजा

---

॥ श्री ॥
नायगाव, मुंबई
२६ जुलै २०२४

चि. अनुजास,
लवूकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सरपंचबाईंचं पत्र पोचलं. इकडे बीडीडीच्या चाळी एकेक रिकाम्या होतायत, टॉवरात कितव्या मजल्यावर जाणार यावरून तुझी काकी आणि शेजारीण रोज भांडतात. बाकी सर्व ठीक.

गडग्याची बातमी तुझ्या पत्राआधीच मंडळात आली होती. रविवारी आपल्या मुंबईकर ग्रामस्थ मंडळाची सभा भरली आणि ठरावही झाला. पंचायतीने आणि मंडळाने मिळून तिथे पक्की सिमेंटची भिंत घालायची, मधोमध संगमरवरी पाटी बसवायची: कै. दौलत यांच्या स्मरणार्थ. दादाला जाऊन दोन वर्षं झाली, गावात त्याचं नाव कुठेही नाही. मी सूचक होतो आणि कोणीही विरोध केला नाही. निदान मला ऐकू आला नाही.

तेव्हा तुझ्या कागदावर सही करत नाही. एका गांडुळासाठी दादाची पाटी अडवायची, हे काही मला पटत नाही. राग मानू नको. तिथल्या बायकांनी कितीही रचला तरी बिनसिमेंटचा गडगा पुन्हा पडणार.

लोभ आहेच, तो वाढव.
लवूकाका

---

॥ श्री ॥
चिंचुर्ले,
६ ऑगस्ट २०२४

ती. लवूकाकांस,
सा. न. वि. वि.

राग आला, खोटं कशाला बोलू? चार दिवस पत्र लिहिलं नाही, आता लिहिते.

पाटी कुणाला नको आहे? बाबा माझेही होते. पण सिमेंटने फटी बुजल्या की वरच्या मळ्यातलं पाणी पाझरणार कुठून? खालची ओल गेली की ती आई पुढच्या वर्षी अंडी घालणार कुठे? एकटी तीच नाही. रोज सकाळी मी गडग्यापाशी उभी राहते आणि रोज थक्क होते. एका फटीत पिंगळ्याची जोडी आहे, भातावरचे उंदीर तीच उचलते. खेकडे, बेडूक, सरडे, मुंगसाची पिल्लं… हे सगळं आपल्याच शेतात होतं आणि मी इतकी वर्षं नुसता दगडांचा ढीग बघत आले. सरकारी निधी गावात येतो तो रस्त्याला, गटाराला. तोच निधी या फटी जपायला वापरता येतो, हे कळल्यापासून मला गप्प बसवत नाही.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कामांची यादी मंजूर होईल. तोवर तुमची संमती आली नाही, तर तुमची भिंतच यादीत चढेल. मी सरपंच असूनही ती थांबवू शकणार नाही.

आणखी एक. बिनसिमेंटचं रचायला आता गावात कुणालाच येत नाही. बायका कामाला तयार आहेत, पण शिकवणार कोण? तुम्हीच म्हणता, गडगा पुन्हा पडणार. बाबांचा आणि तुमचा गडगा पन्नासावर वर्षं उभा होता, काका.

रागावलेली, पण तुमचीच,
अनुजा

---

॥ श्री ॥
नायगाव, मुंबई
२० ऑगस्ट २०२४

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद.

सोबत सही केलेला कागद आहे. आधी तो जपून ठेव, मग पुढे वाच.

तुझं पत्र वाचून मला जे आठवलं, ते तुझ्या काकीलाही कधी सांगितलेलं नाही. गडगा रचत होतो तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. पायाचा दगड सरकवला आणि खाली तसलंच जनावर निघालं. मी कोयत्याने दोन तुकडे केले आणि दादाला मोठ्या फुशारकीने दाखवले. दुपारपर्यंत त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तो सापाला भ्यायला, असं मी सगळ्या वाडीत सांगत सुटलो. सगळं आयुष्य मी तेच समजत होतो. आता कळतंय, त्याने अंडी बघितली असणार.

रविवारी मंडळात उभा राहिलो आणि हे सगळं सांगून टाकलं. मंडळातले हितेंद्र आणि विनीत भिंतीच्या बाजूने फार तावातावाने बोलत होते. मी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि बोलतच राहिलो. शेवटी ठराव मागे घेतला. पाटीचं पुढे बघू म्हणाले. मी म्हटलं, नकोच.

गणपतीला येतोच. भात कापून झालं की पुन्हा येईन आणि हात चालतील तेवढं शिकवीन.

तुझा,
लवूकाका

---

॥ श्री ॥
नायगाव, मुंबई
२७ जुलै २०२५

चि. अनुजास,
लवूकाकाचे मनापासून आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. काकी म्हणते, गावाहून आल्यापासून मी जेवतानाही हसतो. फेब्रुवारीत रचायला शिकवत होतो, तेव्हा फक्त गुडघे दुखत होते. या खेपेस जे बघून आलो, ते अजून अंगातून जात नाही.

तू पंचायतीत होतीस तेव्हाची गोष्ट, तुला सांगायचं राहून गेलं. रचायच्या कामावर असलेल्या सुभद्राबरोबर गडगा बघायला गेलो होतो. पाऊस नुकता थांबला होता आणि फटीफटीतून पाणी सावकाश पाझरत होतं. गडगा जागचा हलला नव्हता. शेकडो बेडूक असतील. मला आवाज आला नाही, पण त्यांचे गळे फुगताना दिसत होते, गडग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. देवळात उभं राहावं तसा मी उभा होतो.

मग सुभद्राने वाकून पायाशी सुटा ठेवलेला एक दगड तसूभर उचलला. अनुजा, ती आली होती! आपण रचलेल्या गडग्याखाली, अंड्यांना विळखा घालून. अंड्यातली पोरं हलत होती, आणि ती मात्र दगडासारखी स्थिर. चौऱ्याहत्तर वर्षांत मी एवढी मोठी गोष्ट बघितलेली नाही. चिखलात गुडघे टेकले. तिची माफी मागितली, दादाचीही मागितली. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

सुभद्राने दगड खाली टेकवला. माझं मन भरलं नव्हतं. पुन्हा एकदा बघावं म्हणून मी दगडाला हात घातला. तर कालपरवापर्यंत माझ्याकडून फटीत दगडाच्या कपच्या बसवायला शिकणारी ती बाई माझं मनगट धरून कानाशी मोठ्याने म्हणाली की काका, एकदा बघितलंत ना, आता तिला राहू द्या.

मी हात मागे घेतला.

आहे हाच लोभ असू दे.
तुझा,
लवूकाका