सालीमागचे घरटे

प्रिय शोहरुह,

अक्रोडाच्या खोडावरून सुरसुर चढणारा तो इवलासा, सालीच्याच रंगाचा पक्षी तुला आठवत असेल. तो सदा वरच का चढतो, उतरताना कधीच का दिसत नाही, हे कोडे तुलाही पडले असेल. उत्तर त्याच्या शेपटीत आहे. ताठ पिसांची शेपटी खोडाला टेकवून तो गोल फिरत वर सरकतो, बाकदार चोचीने भेगांतले किडे टिपतो आणि शेंड्याजवळ पोहोचला की उडून पुढच्या झाडाच्या बुंध्याशी येतो. उलटे उतरताना त्या शेपटीचा टेकू मिळत नाही. वर्गात हे शिकवताना मला अजूनही आनंद होतो.

आपल्या गावाने मात्र त्यातून शकुन काढला: ज्या झाडावर हा चढतो, ते माणसालाही पेलते. गेल्या वर्षी वसंतात आपल्या वाट्याच्या थोरल्या झाडावर, जाड फांदीच्या बेचक्यात, तो पिसे घेऊन सुटलेल्या सालीमागे शिरताना मी पाहिला. बाबांना समजावले, की किडे तो कोणत्याही खोडावर शोधतो, त्यावरून काहीच ठरत नाही. घरटे मात्र साल सुटलेल्या जागी बांधतो, आणि आतले लाकूड मेले की साल सुटते. चहाला आलेले शेजारचे होशिम-अका हसले. "मास्तरीणबाई, पाखराची कसली परीक्षा घेताय? ते चढलंय ना? मग आमचा हा म्हातारा पण चढेल." बाबा म्हणाले, "अख्खं गाव एकीकडे आणि तुझं पुस्तक एकीकडे. चहा ओत बघू."

शरदात अक्रोड पाडायला बाबा त्याच झाडावर चढले आणि पडून गेले. पाय निसटला, असे तुला मॉस्कोला फोनवर सांगितले. गाव आजही तेच म्हणते. दफनानंतर मी ती मोडलेली फांदी पाहिली. बोटाने दाबताच आतून पिठासारखा भुसा गळला. होशिम-अका शेजारीच होते. "आईला सांगू नकोस, पोरी," एवढेच म्हणाले. मी सांगितले नाही.

परवा आईने बाबांचा झाडावर चढायचा दोर धुऊन वाळत घातला. "शोहरुह येतोय हंगामाला. झाडावर पाखरूही दिसलंय," असे ती शेजारणीला सांगत होती, आणि कितीतरी दिवसांनी हसत होती. घरात चढणारा दुसरा कोणी नाही. नको म्हटलेले तू ऐकणारही नाहीस. म्हणून हे लिहिते. चढण्यापूर्वी खोडाला कान लाव आणि कुऱ्हाडीच्या पाठीने ठोक. भरीव लाकूड टणक, आखूड वाजते; पोकळ लाकूड घुमते. तिथल्या एखाद्या झाडावर आजच करून पाहा, म्हणजे कानाला फरक कळेल. वर गेल्यावर प्रत्येक जाड फांदीवर पाय देण्याआधी पुन्हा ठोक. घुमले, तर खाली उभे असलेले लोक काहीही म्हणोत, उतर.

तुझीच,
मावजूदा-आपा