पलंगाखाली जागा नाही

मंगळवार, संध्याकाळ

भूकंपाचं अ‍ॅप आज पहिल्यांदाच वाजलं. धक्का लांब कुठेतरी, घाटकोपरला पंखासुद्धा हलला नाही. अ‍ॅप म्हणतं, मजबूत टेबलाखाली जा. कुठलं टेबल? आमचं फोल्डिंगचं, भिंतीला टेकवलेलं. पलंग बॉक्सचा, आत गोधड्या ठासून भरलेल्या. मी फोन धरून नुसती उभी. आईने पलंगाची फळी उचलली, गोधड्या भराभर बाहेर फेकल्या आणि ओरडली, "बघतेस काय गं? आत शिर!"

"आणि तू?"

"मग फळी कोण धरणार?"

गोधड्या अजून जमिनीवरच आहेत. आई परत भरू देत नाहीये. त्या बॉक्समध्ये दोघी मावू का? बघायची हिंमतच होत नाही.