पंखा फिरला
तंजावूर, शुक्रवार संध्याकाळ

गाडी तापते म्हणून तीन आठवडे तिरुवैयारुला अक्काकडे जाणं बंद. मेकॅनिक म्हणे, "पंख्याची मोटर गेली, अम्मा. सारना पाठवा, त्यांना समजावतो." सार म्हणजे माझे यजमान; त्यांना जाऊन चार वर्षं झाली, गाडी मीच चालवते.

गाडीला जोडायला मागवलेला पहिला स्कॅनर नुसते दोष वाचायचा, परत केला. हा नवा गाडीला हुकूमही देतो. आज बॉनेट उघडून पंख्याला हुकूम दिला. फिरला. मग मोटर कशी गेली? इंजिन तापलं तरी स्कॅनरवरचा तापमानाचा आकडा मात्र हलत नाही. तापमानाचा सेन्सरच बिघडलाय, म्हणून पंखा आपोआप लागत नाही.

फोन करून मेकॅनिकला सेन्सर आणायला सांगितलं.

"सार म्हणाले का?"

"हो, फोटोतून म्हणाले."

सेन्सर घेऊन उद्या येतोय. अक्काला रविवारचं कळवलं.

जेवणाआधी पंखा आणखी एकदा फिरवून पाहिला, उगीच.