निगेटिव्ह आलं

७ जानेवारी, मंगळवार

आईनं पेढे वाटले! अख्ख्या ब्लॉकमध्ये! दादाच्या डोक्यातली गाठ काढली, तिचा रिपोर्ट मोबाईलवर आला. त्यातला एकच शब्द तिले वाचता आला — निगेटिव्ह. कोरोनात हाच शब्द आला अन् आपण वाचलो, एवढंच तिले माहीत. शेजारच्या राधाबाई तं रडल्याच — "रुक्मा, सुटला वो तुया पोरगा!"

रायपूरहून लोकलनं घरी पोचत नाही तं आईनं पेढा तोंडात कोंबला. रिपोर्ट वाचला अन् पेढा कसाबसा गिळला. काय करू?

८ जानेवारी

लॅबमध्ये दिवसभर दादाच्या गाठीतल्यासारख्याच कॅन्सरच्या पेशी पाहाते मी. मेल्या म्हणता म्हणता चार उरतात, पाय पसरून दुसरीकडं सरकतात, की पुन्हा गर्दी. हलकट जात!

केमोच्या गोळ्या ह्या पेशीचा डीएनए तोडतात. पेशीत तो जोडणारं प्रोटीन असतं. ते बंद असलं तं रिपोर्ट पॉझिटिव्ह, गोळी लागू पडते. दादाचा निगेटिव्ह. म्हणजे तोडलेलं जोडणारे मेंटेनन्सवाले तिन्ही शिफ्ट हजर! कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर काम करणाऱ्या दादाले एका वाक्यात समजेल. पण ते वाक्य तोंडातून निघूनच नाही राहिलं.

अशाच पेशंटसाठी मुंबईत नव्या औषधाची ट्रायल सुरू आहे. फोन केला. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "घेऊ. पण रेडिएशन सुरू व्हायच्या आधी आणा. एकदा जरी दिलं गेलं की आम्हाला पेशंट घेता येत नाही."

दादाचं रेडिएशन, आईच्या भाषेत शेक, सोमवारपासून आहे.

९ जानेवारी

नाही सांगितलं. ऑपरेशननंतर दादा आज पहिल्यांदा पोटभर जेवला. वरून मलेच चिडवून राहिला — "क्या हुआ सायंटिस्ट? तोंड कावून उतरलं? उंदीर मेले का तुये?" आई खो खो हसली. हे हसणं मी बंद करू? मीच?

१० जानेवारी, सकाळ

आज सांगतेच! बस्स झालं. मुंबईची उद्याची तिकिटं काढली. दादा रागवेल, आई छाती बडवेल, बडवू दे. जिता राहिला तं मनवीन दोघांले.

१० जानेवारी, दुपार

लॅबमध्येच आईचा फोन.

"पोरी, आज मशीनवर एक नंबर खाली होता. शेकाचा मास्क तं तयारच होता त्याचा. मी डॉक्टरच्या पाया पडली, म्हटलं निगेटिव्ह आहे, उरकून टाका लवकर. झाला वो बाई पयला शेक!"

मी म्हटलं, बरं केलं आई.